घाटावरचा साठा

खंडाळ्याच्या कड्यावरून खोपोलीकडे उतरणारे लोखंडी पाइप घाटातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. वर लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तलाव. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते भरतात आणि पुढे वर्षभर त्यांतले पाणी बेताबेताने खाली सोडले जाते. पाचशे मीटरांची उतरण संपली की हे पाणी चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरते, वीज तयार होते आणि दमलेले पाणी पाताळगंगेला मिळते. टाटांचे हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. आज त्याची क्षमता ७२ मेगावॉट आहे.

खोपोलीला लागून असलेल्या साजगावात, ताकईच्या विठ्ठलमंदिरापाशी, कार्तिकी एकादशीला यात्रा भरते. या जागेला लोक धाकटी पंढरी म्हणतात, आणि इथल्या देवाला प्रेमाने बोंबल्या विठोबा. कारण यात्रेच्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग लागतात: बोंबील, सुकट, जवळा. घाटावरची आणि खालची माणसे घरात वर्षभर पुरेल इतकी मासळी इथून नेतात. मिरचीच्या व्यापारासाठी कोकणात उतरलेले तुकोबाराय इथे आले होते, अशी आख्यायिका या भागात सांगतात.

घाट उतरणारे पाणी आणि घाट चढणारी माणसे यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो. ती वही म्हणजे माणसाचे शरीर ऊर्जा कशी साठवते आणि कशी सोडते याची गोष्ट. शरीराला चूल समजून ही गोष्ट अर्धीच कळते. खोपोलीचे वीजकेंद्र डोळ्यांसमोर ठेवले तर ती पूर्ण कळते, असे माझे ठाम मत आहे.

चुलीची कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागे मोठे लोक आहेत. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनिपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले, आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलनच असा निष्कर्ष काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रुबनर आणि अमेरिकेत ॲटवॉटर यांनी अन्नाच्या ऊर्जेचे कोष्टक बसवले: पिठूळ पदार्थ आणि प्रथिने ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९. आजही पाकिटांवर छापतात ते हेच आकडे. जमाखर्च म्हणून ते अचूक आहेत. पण चूल पेटली की उष्णता मिळते, आणि नुसत्या उष्णतेवर स्नायू आखडत नाही की मेंदू विचार करत नाही. उष्णतेपासून काम काढायचे तर वाफेच्या इंजिनासारखा तापमानाचा मोठा फरक लागतो. आपल्या अंगात तो नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळे साधारण ३७ अंशांवर. मग भाकरीतली ताकद पोटरीत पोचते कशी?

पेशीत प्रत्यक्ष काम करणारा रेणू कार्ल लोमान यांनी १९२९ मध्ये शोधला. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवून सगळे त्याला एटीपी म्हणतात. त्याच्या टोकाचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते. स्नायू आकुंचन पावतो, मज्जातंतू संदेश धाडतो, यकृत नवे रेणू घडवते ते याच्याच बळावर. अंगात एका वेळी असलेला एटीपी मात्र पाव किलोहून कमी भरतो. तोच रेणू पुन्हा पुन्हा जोडला जातो, पुन्हा पुन्हा तुटतो. दिवसभरात घडलेल्या एटीपीची बेरीज साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकी होते. म्हणून श्वास थांबला की काही मिनिटांत सगळे संपते. घडवण्याचे काम थांबलेले शरीर साठ्यावर तग धरू शकत नाही.

हा एटीपी इतक्या वेगाने जोडतो कोण, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. अन्नाची ऊर्जा कुठल्या तरी मधल्या रसायनात धरली जात असावी या समजुतीने शास्त्रज्ञ ते रसायन शोधत राहिले. १९६१ मध्ये ब्रिटनच्या पीटर मिचेल यांनी वेगळेच मांडले: असे रसायनच नाही, ऊर्जा धरली जाते ती धरणात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला दोन पडदे असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकेक पायरी उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या उतरण्याच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पडद्याच्या पलीकडे उपसून ठेवले जातात. पलीकडे गर्दी, अलीकडे रिकामे. प्रोटॉनांना परत यायला एकच सोयीची वाट, आणि त्या वाटेवर चाक. अनेकांनी मिचेलना वेड्यात काढले. त्यांनी कॉर्नवॉलमध्ये एक जुनी हवेली दुरुस्त केली, तिथेच खासगी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले. १९७८ चे नोबेल त्यांना एकट्यांना मिळाले.

ते चाक खरेच फिरते. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या यंत्राच्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना या यंत्राची रचना आणि रीत उलगडल्याबद्दल नोबेल मिळाले. आपल्या पेशींत या चाकाला आठ वाट्या असतात: आठ प्रोटॉन उतरले की एक फेरा आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. सेकंदाला शंभराच्या वर फेरे होऊ शकतात. पडद्याची जाडी मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायची आणि त्यावरचा विद्युतदाब जेमतेम दीडशे ते पावणेदोनशे मिलिव्होल्ट. पण इतक्या पातळ पडद्यावर तो दाब म्हणजे मीटरमागे कोट्यवधी व्होल्ट. घाटाची उंची इथे पडद्याच्या जाडीत मावलेली आहे. हे यंत्र उलटेही चालते: एटीपी खर्चून प्रोटॉन वर चढवते. जपान्यांनी पाहिले ते हे उलटे फिरणेच होते. रायगडातच भिऱ्याला १५० मेगावॉटचा संच याच पद्धतीचा आहे. विजेची गरज कमी असते तेव्हा तो पाणी वर चढवतो आणि गरज वाढली की तेच खाली सोडतो.

आता तलावांकडे. सगळ्यात जवळचा साठा स्नायूंमधल्या क्रिएटिन फॉस्फेटचा. धावत्या लोकलचा दांडा धरायला जी उसळी घेतो ती त्याची. दहाएक सेकंदांत तो आटतो. त्यामागे ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचे रेणू गुंफून केलेला साठा. क्लोद बर्नार यांनी तो १८५७ मध्ये यकृतातून वेगळा केला. यकृतात तो शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारशे ग्रॅमच्या आसपास असतो. स्नायूंतला साठा त्या त्या स्नायूच्याच कामी येतो. रक्तात साखर सोडायची कळ यकृताकडे आहे आणि मेंदू रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज मागतो. सगळे मिळून दोन हजार कॅलरी, फार तर एका दिवसाची बेगमी.

खरा मोठा तलाव चरबीचा. साठ किलोच्या माणसात बारा किलो चरबी धरली तर एक लाख आठ हजार कॅलरी होतात, म्हणजे दोन हजारांच्या रोजच्या खर्चाने पन्नासहून अधिक दिवस. हीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची तर सत्तावीस किलो ग्लायकोजेन लागले असते, आणि ग्लायकोजेन आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे आणखी एक्क्याऐंशी किलो. बारा किलोंच्या जागी एकशे आठ! असले ओझे अंगावर घेऊन माणूस बोरघाट चढला नसता. चरबीला पाणी लागत नाही, म्हणून ती अंगावर बाळगता येते.

एक लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की जास्तीत जास्त सव्वा कॅलरी मिळते. तांदळाच्या एका ग्रॅममध्ये साडेतीन कॅलरी असतात. एक ग्रॅम चरबी म्हणजे सगळा घाट उतरलेले सात-आठ लिटर पाणी, आणि आपल्या त्या माणसाची बारा किलो चरबी म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. आता चढणीचा हिशेब. साठ किलोच्या माणसाने पाचशे मीटर उंची गाठली तर शुद्ध काम सत्तर कॅलरीचे. स्नायू ऊर्जेतला पाव भागच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. घाम येतो तो त्यामुळे. म्हणजे केवळ उंचीसाठी २८० कॅलरी, ऐंशी ग्रॅम तांदळाचा भात. पोती आणि मोळ्या वाहून घाट चढणाऱ्या पिढ्यांना किती थोड्यावर किती काम करावे लागले असेल, ते या आकड्यांतून मला कळते, आणि त्यांच्याविषयीचा आदर वाढतो.

तलावांच्या दारांवर हुकूम हार्मोन्सचा. जेवणानंतर इन्शुलिन वाढते: साठवा, चरबीचे दार बंद. उपाशी वेळ लांबला की इन्शुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते. आधी यकृताचा साठा सुटतो, मग चरबी. दशमीच्या रात्री जेवून एकादशीला निरंकार राहणाऱ्या वारकऱ्याच्या यकृतातले ग्लायकोजेन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरेचसे संपत आलेले असते आणि दिंडीतली पावले मुख्यतः चरबीवर पडत असतात. उपास आणखी लांबला तर यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि मेंदूही हळूहळू त्यावर निभावून नेतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात हे घडत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तो इन्शुलिन वाढवतो आणि चरबीचे दार पुन्हा लावून घेतो. उपासाचे पुण्य हा श्रद्धेचा विषय, त्यात मी शिरत नाही. पण वजन उतरवण्यासाठी एकादशी धरणाऱ्याने हे जाणून घ्यावे.

प्रथिनांसाठी मात्र शरीरात तलाव नाही. साखर आणि चरबी साठवता येते. जास्तीचे प्रथिन तोडून नत्र लघवीवाटे टाकले जाते, आणि उपासमारीत प्रथिन लागले तर ते चालत्या स्नायूंतूनच काढावे लागते. म्हणून ते रोज थोडे थोडे ताटात यावे लागते. ताज्या बोंबलात दहातले आठ-नऊ भाग पाणी. उन्हात वाळला की उरतो त्याच्या निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचे. शरीराला जो साठा करता येत नाही तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी वलांडीवर केला आणि यात्रेने तो घाटाच्या पायथ्याशी आणला.

घाटाच्या वर, पुण्याजवळच्या सहा गावांत, केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण वजन घटले होते ते मुख्यतः स्नायू आणि इतर अवयवांचे. चरबी बरीचशी टिकून होती. दिसायला बारीक, आत चरबी राखून. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. तलाव वर्षानुवर्षे भरत राहिला आणि घाट चढायचे कामच उरले नाही, की अशा शरीरात मधुमेह लवकर येतो. आज खोपोली-कर्जतच्या लोकलमध्ये बसून नोकरीला जाणारी पिढी याच शरीराची वारस आहे.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट हाती लागली. बहुसंख्य आयांच्या रक्तात बी-१२ कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची खूण सर्वाधिक दिसली. बी-१२ भाजीपाल्यात नसते. ते दुधात, अंड्यांत, मांसात आणि मासळीत असते. २०१२ पासून याच गावांतल्या त्या मुलामुलींना, ते स्वतः आईबाप होण्याच्या आधी, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि नंतर त्यांना झालेल्या बाळांच्या तपासण्या झाल्या.