कोटणीसांच्या घरातली आई

आम्हां सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक आहेत, ते चीनमध्ये जखमींची सेवा करता करता देह ठेवणारे वीर म्हणून. मला मात्र आठवते ती त्यांची पत्नी, कुओ चिंगलान. पेशाने परिचारिका. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले, तेव्हा तिच्या मांडीवरचा इनह्वा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. ‘इन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘ह्वा’ म्हणजे चीन! १९६७ साली तोही ऐन तारुण्यात गेला. उत्तरायुष्यात या माउलीने कोटणीसांबरोबरच्या संसाराच्या आठवणी लिहिल्या. भगिनींनो, वीरांची चरित्रे कुणीही लिहील. दुखणाइताच्या उशाशी काढलेल्या रात्री जागणारीनेच लिहाव्यात. तुमच्याही घरी तशा रात्री आल्या असतील. त्या लिहून ठेवा.