संगणकाची दारे : उघडी कोणती ठेवावीत?

शाळेची हजेरी, लाभार्थ्यांच्या याद्या, जमिनीच्या नोंदी आता संगणकावर असतात. असा संगणक पुष्कळदा लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. प्रणाली विनामूल्य मिळते. राखण मात्र आपणच करावयाची असते.

जाळ्यावरील संगणकाचा पत्ता एकच असला, तरी त्याला ० ते ६५५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. त्यांस 'पोर्ट' म्हणतात. संकेतस्थळ ८० व ४४३ वर, दुरून कारभार पाहण्याची सोय २२ वर, तर मायएसक्यूएल हे माहितीकोठार ३३०६ वर, असा संकेत आहे. दारामागे एखादा कार्यक्रम वाट पाहत बसलेला असेल, तरच ते दार खऱ्या अर्थाने उघडे. म्हणून प्रथम 'एसएस' ही आज्ञा देऊन कोण कोठे बसले आहे ते पाहावे. कोणाच्याही स्मरणात नसलेली एखादी सेवा हमखास सापडते! ती बंद करणे हाच उत्तम बंदोबस्त होय.

त्यानंतर पहारा, म्हणजे फायरवॉल. उबंटूवर 'यूएफडब्ल्यू' आणि फेडोरा व रेड हॅटवर 'फायरवॉलडी' ही साधने आहेत. बाहेरून येणारे सर्व काही नाकारावे आणि गरजेपुरतेच उघडावे, हे धोरण इष्ट. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. दूरच्या संगणकावर २२ क्रमांकास परवानगी देण्यापूर्वीच पहारा बसविला, तर कर्मचारी स्वतःच बाहेर अडकतो आणि त्यास प्रत्यक्ष यंत्रापाशी जावे लागते. यूएफडब्ल्यू तशी सूचना देते; ती घाईने ओलांडू नये.

फायरवॉलडीमध्ये तात्पुरता व कायम असे दोन प्रकारचे नियम असतात. तात्पुरता नियम यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. कायमचा नियम पुनर्भरण केल्यावरच लागू होतो. ही दुहेरी पद्धत प्रथम त्रासाची वाटते, परंतु तात्पुरत्या नियमाने चाचणी घेऊन मग तो कायम करता येतो, हा तिचा लाभ आहे.

३३०६ हे दार सर्वांस कदापि उघडू नये. ज्या संगणकास त्या माहितीची आवश्यकता आहे, त्याच्याच पत्त्यास मुभा द्यावी. शेवटी तपासणी दुसऱ्या संगणकावरून करावी. यंत्राचे स्वतःशी चालणारे दळणवळण सहसा मोकळेच असते. त्यामुळे आतून पाहता सर्व दारे उघडी भासतात.