गर्भारपण, दुसरे

एकदा गर्भ राहून गेलेल्या स्त्रीस पुन्हा राहिलेला गर्भ व त्याचा प्रसूतीपर्यंतचा काळ. पहिल्या गर्भारपणात शरीरात घडलेले काही बदल प्रसूतीनंतर पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. दुसऱ्या खेपेचे वेगळेपण मुख्यतः या उरलेल्या बदलांमुळे असते. खेपा मोजताना गर्भपातही धरावा लागतो. कुटुंबात फक्त मुले मोजली जातात. परंतु चौथ्या महिन्यात झालेला गर्भपात हे वैद्यकाच्या दृष्टीने एक गर्भारपणच होय. तो सांगावयाचा राहून गेल्यास पुढील बाळाच्या जिवावर बेतू शकते.

पोटाचे स्नायू एकदा ताणले गेलेले असल्याने दुसऱ्या खेपेस पोट लवकर दिसू लागते. गर्भाची हालचाल पहिलटकरणीस साधारणपणे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते, तर दुसऱ्या वेळी १६ ते १८ आठवड्यांतच जाणवते. गर्भ लवकर हलू लागतो असे नव्हे; ती संवेदना आईच्या ओळखीची झालेली असते. पहिलटकरणीत गर्भाचे डोके बहुधा अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत कटीरात उतरते. दुसऱ्या खेपेस ते पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच उतरते, म्हणून तेवढ्यावरून चिंता करण्याचे कारण नसते.

प्रसूतीतील फरक अधिक स्पष्ट असतो. पहिल्या खेपेस गर्भाशयाची ग्रीवा आधी आखूड होते व नंतर उघडते. दुसऱ्या खेपेस या दोन्ही क्रिया बरोबरच चालतात. कळा सुरू झाल्यापासून ग्रीवा पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीस सु. १२ तास, तर दुसऱ्या वेळी सु. ६ ते ८ तास लागतात. त्यानंतरचा बाळ बाहेर येण्याचा काळही निम्म्याहून कमी होतो. रुग्णालय दूर असलेल्या स्त्रीने पहिल्या वेळच्या अनुभवावर विसंबून थांबू नये. याउलट, प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावताना होणाऱ्या वेदना, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना, दुसऱ्या वेळी अधिक तीव्र असतात.

प्रसूती सुलभ म्हणून गर्भारपण निर्धोक, असा समज मात्र चुकीचा आहे. याचे ठळक उदाहरण म्हणजे ऱ्हीसस घटक. आई ऱ्हीसस-ऋण व बाळ ऱ्हीसस-धन असल्यास वार सुटताना बाळाच्या तांबड्या कोशिका आईच्या रक्तात शिरतात व त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ही क्रिया सावकाश होते, तोपर्यंत पहिले बाळ जन्मून गेलेले असते. म्हणून ते बहुधा सुरक्षित राहते. दुसऱ्या गर्भाच्या थोड्याशा कोशिकांनीही प्रतिपिंडे वेगाने वाढतात, वारेतून गर्भात जातात आणि त्याच्या तांबड्या कोशिकांचा नाश करतात. परिणामी गर्भास तीव्र रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, जन्मानंतर कावीळ वाढते किंवा गर्भ पोटातच दगावतो. आईला स्वतःला कसलाही त्रास जाणवत नाही. फिलिप लेव्हाइन व रूफस स्टेटसन यांनी १९३९ साली वर्णिलेली न्यूयॉर्कमधील स्त्री दुसऱ्याच खेपेची होती. मृत बाळ जन्मल्यावर तिला पतीचे रक्त देण्यात आले व तिला तीव्र प्रतिक्रिया झाली. पुढील वर्षी कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस घटकाचा शोध प्रसिद्ध केला. १९६८ पासून प्रति-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. ते गर्भारपणाच्या २८ व्या आठवड्यात व प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. प्रतिपिंडे एकदा तयार झाल्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे दुसऱ्या बाळाचे रक्षण पहिल्याच बाळंतपणात करावे लागते. भारतात ऱ्हीसस-ऋण व्यक्तींचे प्रमाण सु. ५ टक्केच असल्याने ही बाब दुर्लक्षिली जाते.

पहिली प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली असल्यास गर्भाशयावर व्रण राहतो. छेद खालच्या भागात आडवा असेल, तर योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्के स्त्रियांची पुढील प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. व्रण फाटण्याचा धोका दर २०० प्रयत्नांत सु. एक असतो. छेद वरच्या भागात उभा असल्यास हा धोका कितीतरी पट अधिक असल्याने तसा प्रयत्न करीत नाहीत. पोटावरील खुणेवरून गर्भाशयावरील छेद कसा आहे हे कळत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेची नोंदच लागते. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. दुसरे पुष्कळदा सासरी होते व पहिल्याचे कागद माहेरीच राहतात. ते सोबत आणणे अगत्याचे आहे.

पूर्वगर्भाक्षेपक विकार (रक्तदाब वाढून मूत्रातून प्रथिने जाणे) दुसऱ्या खेपेस एकंदरीत कमी आढळतो. परंतु पहिल्या खेपेस झाला असल्यास तो पुन्हा होण्याचा संभव असतो.

एका गर्भारपणात सु. १,००० मिग्रॅ. लोह खर्ची पडते. ही तूट भरून येण्यापूर्वीच पुन्हा गर्भ राहिल्यास रक्तक्षय बळावतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) भारतातील ५२·२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याआधी गर्भ राहिलाच, तर पहिल्या मुलाचे अंगावरचे दूध लगेच तोडण्याची प्रथा पुष्कळ घरांत दिसते. गर्भारपण निरोगी असून आईचा आहार पुरेसा असल्यास त्याची आवश्यकता नसते.