सोड्याची बाटली

दिवाळी आली, की आमच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर आणखी एक वस्तू हाताशी येई : खायच्या सोड्याची बाटली. चार चकल्या, दोन बेसनाचे लाडू झाले, की रात्री छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी ठरलेले. "वयाच्या मानाने चालायचंच," असे मी म्हणे. "वजनाच्या मानाने म्हणा!" असे सौभाग्यवती म्हणत. वजन होते १२२ किलो.

पुढे मधुमेह जडला आणि डॉक्टरांनी वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया सुचविली. कॉलेजातल्या एका स्नेह्यांनी जठर कापून त्याची अरुंद नळी करून घेतली होती व ते चांगलेच उतरले होते. मीही तेच ठरविले. जळजळीचा विषय मी काढलाच नाही. ती का सांगायची गोष्ट? सौभाग्यवतींनी मात्र पिशवीतून ती बाटली काढून शल्यविशारदांच्या टेबलावर ठेवली. "आधी दुर्बीण!" ते म्हणाले.

घशातून दुर्बीण उतरली, तुकडा तपासला गेला आणि निदान आले : बॅरेटची अन्ननलिका. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९५० साली या विषयावर लिहिले, म्हणून हे नाव. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर चढत राहिले, की अन्ननलिकेचे मूळ अस्तर जाऊन तेथे आतड्यासारखे अस्तर येते. बहुतेकांना पुढे काही होत नाही. थोड्यांना मात्र त्यातूनच कर्करोग होतो. ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रे काढली. नळीच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. वजन उतरते, पण उरलेल्या नळीत दाब वाढून आम्ल वर उसळू शकते. पूर्वी जळजळ नसलेल्यांनाही ती जडते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात. आम्ल आणि पित्त खालच्या वाटेने जाते, जळजळ बहुधा शमते. काटा दोन्हींनी उतरतो. अन्ननलिकेचे दैव मात्र निराळे!

मी बायपास करून घेतली. आज वजन ८६ किलो आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या, आणि दुर्बिणीची तपासणीही सुटलेली नाही. कारण बदललेले अस्तर परत फिरेलच, अशी हमी नसते.

राहता राहिले आमचे स्नेही. "मला काहीच त्रास नाही," असे ते म्हणत. परंतु या विकाराची खोड अशी, की तो कधी कधी मुकाट्याने वाढतो. म्हणून नळीच्या शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, त्रास नसला तरी, दुर्बिणीने पाहावे, असा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला आहे. भाऊबीज झाली, की मी त्यांना घेऊन जाणार आहे.

वाचकहो, किलो किती उतरतील, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण आधी आपल्या सोड्याच्या बाटलीची हकिकत त्यांना सांगा.