मोरजीचे प्रश्न, पर्वरीची उत्तरे

मोरजीच्या रुग्णास बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावयाचे तर शापोरा आणि मांडवी या दोन नद्या ओलांडाव्या लागतात; म्हणूनच तुयें येथील शंभर खाटांच्या रुग्णालयाची इमारत उभी राहूनही ते सुरू होण्यास वर्षानुवर्षे विलंब का लागला, हा पेडणे महालाचा प्रश्न पर्वरीच्या विधानसभेत पुनःपुन्हा उपस्थित झाला.

अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तारांकित प्रश्नास मात्र मंत्र्यांना सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर जे उपप्रश्न येतात त्यांत खात्याने सिद्ध करून दिलेले टिपण पुरे पडत नाही. मंत्र्यांची खरी कसोटी तेथेच लागते, असे माझे मत आहे.

रोजगाराचेही तसेच. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळ आणि धारगळची आयुर्वेद संस्था यांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. ज्यांच्या जमिनी विमानतळासाठी संपादित झाल्या, त्यांच्या मुलांपैकी किती जणांस, कोणत्या हुद्द्यावर, कायम की कंत्राटी नोकरी मिळाली, याचा गाववार तपशील पटलावर आलाच पाहिजे. ‘स्थानिकांना प्राधान्य’ एवढ्या उत्तराने भागत नाही. आणि पावसाळ्यापूर्वी मोरजीच्या किनाऱ्यावरील शॅक मोडले की तेथील कामगारांनी पुढील हंगामापर्यंत काय करावे, हाही प्रश्न प्रश्नोत्तराच्या त्याच तासात विचारला जावा.