पाणी खेळते राहिले, तरच पाणथळ जगेल

शहरातील पाणथळ जागा नष्ट होण्यासाठी तिच्यावर इमारतच उभी राहावी लागते, असे नाही. पाण्याची वाट बंद झाली, तरी ते पुरेसे ठरते. नवी मुंबईत नेरूळ येथील सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावाने २०२४ मध्ये हेच दाखवून दिले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तलाव सुकत गेला आणि परिसरात अनेक रोहित अर्थात फ्लेमिंगो मृतावस्थेत आढळले. पुढे प्रवाह मोकळा झाल्यावर हे पक्षी पुन्हा तेथे उतरू लागले.

रोहितांना या तलावाची गरज का भासते, याचे उत्तर ठाणे खाडीच्या भरती-ओहोटीत आहे. ओहोटीच्या वेळी खाडीतील चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी तेथे चरतात. भरतीत हे पट्टे पाण्याखाली गेले, की त्यांना विसाव्यासाठी जवळच उथळ पाणी लागते. चरण्याची आणि विसाव्याची अशा दोन्ही जागा टिकल्या, तरच खाडीतील त्यांचा मुक्काम टिकतो.

खारफुटीचे गणितही पाण्याशीच बांधलेले आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. राडारोड्याचा बांध पडला, की एका बाजूला पाणी साचून ही मुळे गुदमरतात. दुसऱ्या बाजूची जमीन सुकून तिच्यातील क्षार वाढत जातात. कुऱ्हाड न चालवताही झाडे वठतात. त्यामुळे पुनरुज्जीवनाची पहिली पायरी रोपे लावणे ही नसून बांध हटविणे ही आहे. पाणी पूर्ववत येऊ लागल्यावर त्यासोबत वाहून येणारे बीज अनेकदा आपोआप रुजते. उलट चिखलाच्या उघड्या पट्ट्यांवर सरसकट रोपे लावल्यास पाणपक्ष्यांचे चराऊ क्षेत्रच हिरावले जाते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने खारफुटीची तोड, तसेच तिच्यात व भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात भराव आणि बांधकाम करण्यास मनाई झाली. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले, तर २०२२ मध्ये खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला ‘रामसर’ दर्जा मिळाला.

मात्र, रोहितांची गर्दी म्हणजे पाणी स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. लहान रोहिताचे मुख्य खाद्य असलेली सूक्ष्म शैवाले सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवरही फोफावतात. तेच सांडपाणी प्रमाणाबाहेर गेल्यास पाण्यातील प्राणवायू घटून मासे आणि खेकडे संकटात येतात. म्हणून खाडीची प्रकृती जोखताना निवट्या, शेकाट्या, तुतवार आणि मासेमारांच्या जाळ्यात येणारी मासळी यांचीही नोंद घ्यावी लागते.

डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. असा दर्जा नकाशावर तलावाची हद्द आखून देतो. पण त्यात येणारे पाणी त्या हद्दीबाहेरून येते. ती वाट कोणत्याही रस्त्याखाली वा भरावाखाली पुन्हा गाडली जाणार नाही, याची जबाबदारी निश्चित होणे हीच खरी कसोटी आहे.