सप्ताहाच्या मंडपातील ध्वनियोजना

बिलोली हा तेलंगणच्या सीमेला लागून असलेला, मांजरा नदीच्या खोऱ्यातला नांदेड जिल्ह्यातील तालुका असून, उर्वरित मराठवाड्याप्रमाणे येथेही अखंड हरिनाम सप्ताहाची परंपरा आहे. पहाटेचा काकडा, दिवसाचे ज्ञानेश्वरी पारायण, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन अशा क्रमाने सात दिवस चालणाऱ्या या सोहळ्यात मंडपाच्या कडेला यंत्रापाशी बसून राहणाऱ्या माणसाला ‘माईकवाला’ किंवा ‘साऊंडवाला’ म्हणतात. आवाज वाढवणे हे त्याचे काम, असा समज रूढ असला तरी शेवटच्या रांगेतल्या वृद्ध श्रोत्याला निरूपणातला शब्द स्पष्ट कळतो की नाही, ही त्या कामाची खरी कसोटी होय. आणि त्यासाठी आवाज वाढवण्यापेक्षा तो वेळेवर उतरवण्याचे कौशल्य अधिक लागते.

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जनसमुदायासमोर विद्युत ध्वनिवर्धनाचा प्रयोग केला, आणि पुढे हे तंत्र जगभर पसरले. भारतात १९४० साली सुरू झालेल्या ‘अहुजा’ या कंपनीचे नाव खेड्यापाड्यांत ध्वनिवर्धकाशी जवळजवळ एकरूप झाले आहे. ध्वनिवर्धकाला व्यवसायात नुसते ‘मशीन’ म्हणतात. देवळाच्या शिखराजवळ किंवा दूरच्या खांबावर बांधलेल्या भोंग्यापर्यंत लांबलचक वायर ओढावी लागते, आणि कमी दाबाने वीज पाठवल्यास प्रवाह वाढून बरीच शक्ती वायरीतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते; म्हणून मशीनमधून १०० व्होल्टपर्यंतच्या दाबाने ध्वनिसंकेत पाठवून भोंग्याजवळच्या लहान ट्रान्सफॉर्मरने तो दाब उतरवला जातो. अशी अनेक मशीने १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, ही सोय भारनियमन सोसलेल्या प्रदेशात किती मोलाची ठरली असेल हे वेगळे सांगायला नको.

भोंग्याचा गुण आणि दोष एकच आहे. त्याची निमुळती रचना मधल्या व वरच्या कंपनसंख्यांचा ध्वनी जोमाने पुढे फेकते, आणि व्यंजने ओळखण्यास लागणारी स्पष्टता मुख्यतः याच पट्ट्यात असल्यामुळे बोललेला शब्द दूरवर कळतो. परंतु खालच्या कंपनांना आवश्यक एवढा आकार त्याला नसल्याने मृदंगाच्या धुम्याचा, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा, घुमारा त्यातून जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मंडपात एकावर एक स्पीकर बसवलेले उभे ‘कॉलम’ आणि जाड आवाजाच्या पेट्या निराळ्या ठेवाव्या लागतात.

खरी परीक्षा कीर्तनकाराच्या माईकची असते. गायनाचा सर्वसाधारण माईक समोरचा आवाज अधिक आणि पाठीमागचा कमी उचलतो, आणि या गुणामुळेच तो व्यासपीठावर उपयोगी पडतो. मात्र वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभे राहतात, म्हणजे माईकच्या दृष्टीने ते थेट समोरच येतात. कीर्तनकार निरूपणात संथ, बोलण्याच्या पट्टीत असेपर्यंत टाळ स्तब्ध असतात, पण चाल धरली जाऊन गजर सुरू झाला की टाळांचा धातुमय ध्वनी त्याच माईकमधून शिरून शब्दांवर स्वार होतो. अशा वेळी कीर्तनकाराचा माईक किंचित उतरवून गायकांचे माईक पुढे आणणे आणि गजर ओसरताच पुन्हा पूर्ववत करणे हे सर्व हाताने, कानावर विसंबून करावे लागते. पुढचे वळण आधी ओळखायचे तर कीर्तनाची घडण ठाऊक हवी. त्यामुळे उत्तम माईकवाला हा बहुधा उत्तम श्रोताही असतो.

स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून फेऱ्यागणिक वाढत गेला म्हणजे ‘शिट्टी’ वाजते. ती टाळण्यासाठी स्पीकर माईकच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतात. वादकांना स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे वळवलेल्या स्पीकरचा धोका तरीही उरतोच. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्याने १७० मीटरवरच्या भोंग्याचा शब्द अर्ध्या सेकंदाने येतो, आणि दोन भोंग्यांच्या मध्ये बसलेल्याला एकाच वाक्याच्या दोन प्रती ऐकाव्या लागतात. भोंग्यांची संख्या वाढवण्याचा गावकऱ्यांचा आग्रह म्हणूनच पुष्कळदा घातक ठरतो.

या योजनेवर कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक अथवा धार्मिक प्रसंगी राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. रात्री नऊच्या सुमारास उभे राहणारे कीर्तन शिथिलतेच्या दिवशी त्या सवलतीत बसू शकते, परंतु सवलत मध्यरात्रीला संपत असल्यामुळे सहाच्या आधी होणाऱ्या काकड्याला तिचा काही उपयोग नाही, आणि तो ध्वनिक्षेपकाविनाच म्हणावा लागतो.